श्रीखंडी भिंत, चिंतामणी दार

आईच्या बाथरूममध्ये टाइल्सच्या चौथ्या ओळीत फुलं होती. गुलाबी टाइल, तिच्यावर तपकिरी देठ आणि तपकिरीच पाकळ्या. १९८७ साली डोंबिवलीतल्या या घराचा ताबा मिळाला, तेव्हा बिल्डरच्या यादीत साध्या पांढऱ्या टाइल्स होत्या. बाबांनी वरचे पैसे भरून गुलाबी घेतल्या आणि फुलांची ओळ खास आईसाठी लावून घेतली. शेजारच्या बायका बघायला आल्या होत्या, हे आई अजून सांगते.

त्यानंतरच्या साडेतीन दशकांत त्या भिंतीवर जे काही होऊ शकतं ते सगळं झालं. टँकरचं आणि बोअरचं पाणी वापरून नळाच्या खाली क्षारांचा पांढरट पापुद्रा चढला. टाइल्समधल्या सांध्यांतलं व्हाइट सिमेंट आधी पिवळं, मग काळं पडलं. एकदा दोन टाइल्स निखळल्या. गुलाबी मिळेनात म्हणून मिस्त्रीने तिथे पांढऱ्या बसवल्या. छताला बुरशीचे ठिपके आले. दार खालून फुगलं म्हणून त्यावर अॅल्युमिनियमचा पत्रा ठोकला, आणि पत्र्याच्या आत लाकूड शांतपणे कुजत राहिलं. खिडकीच्या काचेच्या पट्ट्यांतल्या दोन फुटल्या, तिथे पुठ्ठा आला.

हे कोणाला दिसत नव्हतं असं नाही. पण आमच्या इमारतीत प्रत्येक दुरुस्तीला एकच उत्तर होतं: ‘आता कशाला? पाडायचीच आहे.’

मुंबई, ठाणे, डोंबिवली, पुणे, नाशिक, जिथे जिथे सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या सोसायट्या उभ्या आहेत, तिथे हे वाक्य ऐकू येतं. पुनर्विकासाचा विषय एकदा सर्वसाधारण सभेत निघाला की घराघरातली कामं थांबतात. सहकारी संस्थांच्या कायद्याच्या कलम ७९ अ खाली सरकारने २००९ साली पुनर्विकासाची कार्यपद्धती घालून दिली, २०१९ साली ती सुधारली. सभा, गणसंख्या, संमती, निविदा, वास्तुविशारदाचा अहवाल, सगळं कागदावर नीट आहे. तरी आमच्याकडे पहिली सभा झाल्याला तेरा वर्षं झाली. तीन विकासक आले, नकाशे दाखवून गेले. या तेरा वर्षांत इमारतीतली काही माणसं गेली. ती त्याच काळ्या सांध्यांच्या, पुठ्ठ्याच्या खिडकीच्या बाथरूममध्ये अंघोळ करत गेली. मला हे फार लागतं. नवं घर मिळेल तेव्हा मिळेल, पण तोवर जगायचं ते याच घरात ना?

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिला बसून अंघोळ करायला सांगितलं. प्लास्टिकचं स्टूल आलं. आठवड्याभराने ती म्हणाली, ‘अगं, उभी होते तोवर खालचं काही दिसत नव्हतं. आता ते काळं सगळं बरोबर डोळ्यांसमोर येतं.’ त्या दिवशी ठरलं की काहीतरी करायचं.

पहिल्यांदा ठेकेदाराला बोलावलं. त्याने मापं घेतली, चार फूट बाय सहा फूट, आणि आकडा सांगितला: एक लाख चाळीस हजार. जुन्या टाइल्स फोडणं, डेब्रिज उतरवणं, नवं वॉटरप्रूफिंग, नव्या टाइल्स, नवे पाइप. बारा दिवस. तो लुबाडत नव्हता. तोडफोडीचं काम खरंच तेवढ्याचं असतं, कारण जुन्या इमारतीत बाथरूमची जमीन म्हणजे नुसती फरशी नसते. फरशीखाली कोबा असतो: विटांचे तुकडे सिमेंटमध्ये बसवून, त्यांना उतार देऊन केलेला जाड थर. खालच्या माणसाच्या डोक्यावर पाणी पडू न देण्याचं काम हा थर वर्षानुवर्षं करत असतो. त्याच्यावर हातोडा बसला की तो आपलं काम सोडतो. मग सगळा उखडून नवा करायचा, पाणी कोंडून ठेवून गळती तपासायची, आणि तरीही पुढच्या पावसाळ्यात खालचे काका भिजलेला पोपडा हातात घेऊन दारात उभे राहतील की काय ही धास्ती बाळगायची. सोसायट्यांतली निम्मी भांडणं वाहनांची असतील, तर उरलेली बाथरूमच्या गळतीची असतात.

आमचा कोबा शाबूत होता. तपासला: खालच्या घरातल्या छताला डाग नाही, ओल नाही. म्हणजे जे काम करत होतं ते आम्ही पैसे देऊन मोडणार होतो, आणि जे बिघडलं होतं ते केवळ वरवरचं होतं, भिंतीचा पृष्ठभाग, सांधे, छत, दार. वरवरच्या दुखण्याला वरवरचा उपाय का नको? हा विचार पक्का झाल्यावर मी रंगाच्या मागे लागले.

रंग हा आपल्याकडच्या न्हाणीचा जुनाच सोबती आहे, हे मला या कामात नव्याने उमगलं. कोकणात माझ्या आजोळी न्हाणी घराच्या मागच्या अंगाला होती. जांभ्याच्या भिंती, कोपऱ्यात चुलीवर पाण्याचं भांडं, सांडपाणी सरळ माडांच्या आळ्यात. या भिंतींना दर वर्षी पावसाळा सरला की चुना लागायचा. चुनकळी पाण्यात विरघळवून, मुरवून, गाळून, त्यात थोडी नीळ आणि डिंक घालून. तेव्हा वाटायचं ही दिवाळीची शोभा. पण ओल्या खोलीला चुना लावण्यात पक्कं गणित होतं. विरलेला चुना तीव्र अल्कधर्मी असतो, त्यात बुरशीला जगता येत नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा दगडासारखा होतो. आणि तो भिंतीचा श्वास अडवत नाही: आत गेलेली ओल बाहेर पडायला वाट राहते. वर्षाने तो झिजणार हे सगळ्यांना ठाऊक असायचं, म्हणून वर्षाने पुन्हा लावायचा. न्हाणी ही दर वर्षी नवी करायची जागा होती.

शहरातल्या बाथरूमखाली बसणाऱ्या सापळ्याला प्लंबर आजही ‘नहानी ट्रॅप’ म्हणतात, मग ते बिहारचे असोत की केरळचे. न्हाणी घरातून गेली, पण नळकामाच्या भाषेत नाव ठेवून गेली.

मुंबईत १८९६ साली प्लेग आला आणि दोन वर्षांनी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, तेव्हा घरातलं पाणी आणि सांडपाणी हा मोठा सार्वजनिक प्रश्न झाला होता. चाळीत खोलीतल्या कोपऱ्यात मोरी आणि गॅलरीच्या टोकाला सामायिक संडास. पुढे दादर-माटुंग्याकडे ‘सेल्फ-कंटेन्ड ब्लॉक’ आले, आणि स्वतःची बंद दाराची न्हाणी असणं ही मध्यमवर्गाची मोठी मिरवण्यासारखी गोष्ट ठरली. त्या भिंतींवर कमरेपर्यंत ऑइलपेंटचा पट्टा असायचा, वर चुना किंवा डिस्टेंपर. शाळा, इस्पितळं, पोलिस चौक्या, सगळीकडे तो पट्टा आपण पाहिला आहे. मग चकचकीत टाइल आली, आणि मोरबीच्या कारखान्यांनी ती इतकी स्वस्त केली की भिंत पुन्हा कधी हातात घ्यावी लागते हेच आपण विसरलो. टाइल एकदा लावली की झालं, असं वाटू लागलं. टाइलचं होतं, पण तिच्या सांध्यांचं होत नाही.

स्टेशनजवळच्या रंगाच्या दुकानात मी गेले तेव्हा दुकानदाराने पहिल्यांदा विचारलं, ‘भाड्याने द्यायचंय का?’ टाइलवर रंग मारायचा म्हणजे भाडेकरूंच्या तोंडाला पानं पुसायची, असा त्याचा समज. मी आईचं सांगितलं तेव्हा त्याने खुर्ची दिली आणि नीट बोलू लागला. म्हणाला, ‘ताई, लोक साधा ऑइलपेंट नेतात आणि तीन महिन्यांनी शिव्या घालतात. टाइल म्हणजे काच. काचेवर रंग कशाला धरून बसेल?’

आमच्याच इमारतीत हे झालं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरात हौसेने टाइल्सवर थेट ऑइलपेंट मारला आणि पावसाळ्याआधीच तो सायीसारखा सुटून आला. सुटायला सुरुवात सांध्यांपासून झाली. त्याचं कारण मला दुकानात कळलं आणि ते ऐकून मी थक्क झाले. ऑइलपेंटमधलं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं. सिमेंट अल्कधर्मी असतं. ओल्या सिमेंटवर तेल आणि अल्कली एकत्र आले की जे होतं, तेच साबणाच्या कारखान्यात होतं. म्हणजे रंगाखाली अक्षरशः साबण तयार होतो आणि रंग त्यावरून घसरतो.

टाइलसाठी लागतो तो दोन डब्यांचा इपॉक्सी. एकात राळ, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही वेगवेगळे असेपर्यंत वर्षानुवर्षं पडून राहतात, एकत्र केले की त्यांच्यात साखळ्या जुळू लागतात आणि काही तासांत ते दगड होतात. हा रंग सुकत नाही, जुळतो. पाणी, साबण, तेल यांना तो बधत नाही. त्याचे दोन दोष मात्र आधीच माहीत हवेत. उन्हात तो पिवळा पडतो आणि त्यावर खडूसारखी भुकटी येते; आणि घाण, तेल, ओल यांच्यावर तो अजिबात चिकटत नाही.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगते, कारण हल्ली फोनवर परदेशी बाथरूमचे व्हिडिओ बघून लोक जमिनीलाही रंग लावायला निघतात. त्यांची बाथरूम कोरडी असते. पाणी टबात किंवा काचेच्या कपाटात, बाकीच्या जमिनीवर पायपुसणं आणि पुस्तकांचा स्टँड. आपली न्हाणी सगळीच्या सगळी भिजते. बादली सरकते, स्टुलाचे पाय घासतात, कपडे आपटले जातात, खराटा फिरतो. अशा जमिनीवर रंग टिकणार नाही, आणि टिकला तरी चकचकीत ओल्या रंगावरून गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बाई घसरेल. आमची जमीन शहाबादीची आहे, खरखरीत, करडी. तिला फक्त घासून स्वच्छ केलं. तिच्याइतकी भरवशाची जमीन आजच्या कुठल्याही दुकानात मिळणार नाही.

पेंटर मिळाला तो खेडचा. गणपतीला गावी गेला होता, अनंतचतुर्दशीनंतर आला. वय पन्नाशीचं, बोलणं कमी. आला तसा त्याने रंगाकडे बघितलंच नाही. हातातल्या पत्र्याच्या दांड्याने एकेक टाइल ठोकत गेला. भरीव वाजली की पुढे, पोकळ वाजली की खडूची फुली. अकरा फुल्या झाल्या. ‘काकू, या अकरा पहिल्यांदा काढून पुन्हा बसवायच्या. रंग मग.’ आईला तो तिथेच आवडला.

मग त्याने एका संध्याकाळी प्लास्टिकचा फूटभर तुकडा टाइल्सच्या वरच्या प्लास्टरवर चारी बाजूंनी चिकटवला आणि गेला. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब. ‘भिंत अजून पाणी सोडतेय. आठ दिवस पंखा लावा.’ आम्ही आठ दिवस शेजारच्या घरी अंघोळी केल्या आणि बाथरूममध्ये टेबलफॅन फिरत राहिला. दुसऱ्यांदा प्लास्टिक कोरडं निघालं. दिवाळीआधी रंग काढण्याची आपली जुनी पद्धत आहे, पण पावसाळा संपला म्हणजे भिंत वाळली असं नसतं. या आठ दिवसांची घाई करणाऱ्यांचे पैसे फुकट जातात, हे मी आता कोणालाही छातीठोकपणे सांगेन.

त्यानंतरचे दोन दिवस नुसती साफसफाई. क्षारांचा पापुद्रा काढायला लोक अॅसिड आणतात. ते क्षार काढतं, पण सांधेही खातं. आम्ही सायट्रिक अॅसिडचं पाणी लावून ठेवलं आणि पट्टीने खरवडलं. छताच्या बुरशीला ब्लीच लावलं, तेही दुसऱ्या दिवशी, सगळं धुऊन झाल्यावर. टॉयलेट साफ करायचं अॅसिड आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरिन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो, त्यामुळे घरात हे दोन्ही असतील तर दोन्हींचे दिवस वेगळे ठेवावेत. मग धुण्याच्या सोड्याने तेलाचा थर काढला. या थराकडे आपल्याकडे विशेष लक्ष द्यावं लागतं. डोक्याला तेल, अंगाला तेल, दिवाळीत उटणं. स्टुलाच्या मागच्या भिंतीवर जिथे आईची पाठ आणि केस टेकायचे, तिथे हाताला न जाणवणारा पण पाण्याला दिसणारा तेलकटपणा होता. पाणी शिंपडलं की तिथे ते थेंब होऊन उभं राहायचं. पेंटर म्हणाला, ‘पाणी पसरायला लागलं की समजायचं, भिंत साफ झाली.’ तीन वेळा धुतल्यावर ते पसरलं.

सांध्यांतलं काळं खरवडून नवं ग्राउट भरलं. सिंकच्या कडेचं जुनं सिलिकॉन पातीने कापून काढलं, कारण सिलिकॉनवर कुठलाच रंग बसत नाही. भिंतीला धरायचा दांडाही याच वेळी बसवला. टाइलला भोकं पाडायची ती रंगाआधीच. मग घासणं. २२० नंबरच्या पाण्याच्या पेपरने प्रत्येक टाइलचं तेज मारायचं. ग्लेझ म्हणजे काचेचाच थर असतो, त्यावर ओरखडे उमटल्याशिवाय प्राइमरला पकड मिळत नाही. चारशेच्या आसपास टाइल्स, सहा इंची. फुलांच्या ओळीपाशी आल्यावर पेंटर थांबला आणि आईकडे बघितलं. आई म्हणाली, ‘घासा हो, आता कशाला.’ पण ती आत निघून गेली. मी त्यातली एक निखळलेली टाइल, फुली पडलेल्यांतलीच, बाजूला ठेवून दिली.

दार वेगळं प्रकरण होतं. पत्रा काढल्यावर खालचं सहा इंच लाकूड हातात आलं. ते कापून तिथे नवी फळी बसवली. वर चार-पाच वेळा मारलेला ऑइलपेंट होता, त्यातला पहिला १९८७ सालचा. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता धरूनच चालावं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्षात ९० भागांची मर्यादा घालणारे नियम २०१६ साली आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधी रंगवलेली दारं-खिडक्या कोरडी घासायची नाहीत. धूळ लहान मुलांच्या पोटात जाते. पेंटरला हे माहीत नव्हतं. मी सांगितल्यावर त्याने मान हलवली आणि सगळं दार पाणी मारत, ओलं ठेवून घासलं, मुखपट्टी बांधून. त्याने तीस वर्षं ही धूळ खाल्ली आहे. त्याला हे आधी कोणी सांगायला हवं होतं.

रंग निवडायला मात्र खूप मजा आली. दुकानातल्या शेड कार्डवर इंग्रजी नावं, एकाचाही अर्थ लागत नाही. आईने कार्ड बाजूला ठेवलं आणि साड्यांच्या भाषेत बोलायला लागली. अबोली नको, गुलाबीचा कंटाळा आला. पिस्ता नको, इस्पितळ वाटतं. आमसुली छान पण खोली अंधारी होईल. शेवटी म्हणाली, ‘श्रीखंडी. आणि दार चिंतामणी.’ दुकानदाराचा मुलगा गोंधळला, त्याच्या वडिलांनी मात्र क्षणात दोन पट्ट्या काढून पुढे ठेवल्या.

निवड सुंदर होतीच, शहाणपणाचीही होती. पांढरा इपॉक्सी पिवळा पडला की डोळ्यांना खुपतो. श्रीखंडी मुळातच पिवळसर, त्यात तो दोष मुरून जातो. गडद भिंतीवर क्षारांचे पांढरे ओघळ दिसतात, फिक्या पिवळ्यावर दिसत नाहीत. आणि करड्या शहाबादीला लागून श्रीखंडी भिंत आली की भिंत कुठे संपते आणि जमीन कुठे सुरू होते हे मोतीबिंदूच्या डोळ्यांनाही कळतं. धरायचा दांडा आम्ही दाराच्याच चिंतामणी रंगाचा केला. पांढऱ्या भिंतीवर पांढरा दांडा लावणाऱ्यांनी कधी म्हाताऱ्या माणसाला चष्म्याशिवाय अंघोळ करताना पाहिलेलं नसतं.

रंगाच्या दिवशी गॅसचा गीझर सिलिंडरपासून तोडला. थिनरची वाफ पेटते, आणि तसाही बंद बाथरूममध्ये गॅस गीझर असणं हे कार्बन मोनॉक्साइडला आमंत्रण आहे. तो आता गॅलरीत गेला. पेंटरने दोन्ही डबे ठरलेल्या प्रमाणात मिसळले आणि वीस मिनिटं नुसता बसून राहिला. ‘मुरू दे,’ म्हणाला, पुरणाबद्दल बोलावं तसं. मग स्पंजच्या छोट्या रोलरने पहिला हात, इतका पातळ की खालची फुलं अजून दिसत होती. दुसऱ्या दिवशी दुसरा हात. फुलं गेली. सांधे मात्र रंगाखालून रेघांसारखे दिसत राहिले आणि ते बरंच झालं. भिंत टाइलचीच वाटते. छताला आणि वरच्या प्लास्टरला पाण्यातला, बुरशी धरणार नाही असा रंग. खिडकीच्या गजांना रेड ऑक्साइड आणि त्यावर चिंतामणी. काचेच्या दोन पट्ट्या नव्या, आणि बाहेर हवा फेकणारा पंखा. पंख्याशिवाय छताची बुरशी वर्षभरात परत आली असती.

पुढचे सात दिवस पाणी बंद. हाताला रंग दुसऱ्याच दिवशी कोरडा लागतो, पण आतून तो अजून जुळत असतो. शेजाऱ्यांनी पुन्हा एकदा बाथरूम दिलं. त्या घराचे उपकार या हिशेबात धरलेले नाहीत.

हिशेब असा: इपॉक्सी दोन लिटर १,४००, प्राइमर ४५०, छत आणि वरच्या भिंतीचा रंग ९००, ग्राउट २००, दार आणि गजांचं सामान ६००, पेपर, टेप, रोलर, थिनर ७५०, सिलिकॉन २५०, पंखा १,५००, पेंटरची पाच दिवसांची मजुरी ५,०००. एकूण ११,०५० रुपये. टाइल्स पुन्हा बसवणं आणि दाराची फळी यांचे वेगळे पैसे पेंटरने घेतले नाहीत, म्हणून आईने त्याला जाताना मुलीसाठी साडी दिली.

हे सगळीकडे असंच करावं असं मी म्हणणार नाही. कोथरूडमध्ये दोन मुली भाड्याच्या घरात राहतात. घरमालकाने तोडफोडीला मनाई केली म्हणून त्यांनी टाइल्सवर चिकटवायचे स्टिकर आणले. चार महिन्यांत त्यांच्या मागे पाणी शिरून काळी बुरशी माजली. मग त्यांनी मालकाची लेखी परवानगी घेऊन फक्त खांद्याच्या वरचा, न भिजणारा भाग, छत आणि दार एवढंच रंगवलं. खालच्या टाइल्सचे सांधे नवे केले. खर्च तीन हजारांच्या आत आणि खोली ओळखू येत नाही. खरं सांगायचं तर कमी पैशांत सगळ्यात जास्त फरक हाच पाडतो: कोरडा भाग रंगवा, ओल्या भागाचे सांधे बदला. गिरगावातल्या एका पागडीच्या खोलीत तीन बाय तीनची मोरी आहे, तिच्या भिंतींना इपॉक्सी लावून चार वर्षं झाली. रंग कठड्यापाशी झिजलाय, बाकी जागच्या जागी. तिथल्या आजी दर दसऱ्याला झिजलेल्या जागी एक हात स्वतः फिरवतात. आजोळची चुन्याची रीत त्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर चालू आहे.

आणि जिथे भिंत आतूनच ओली आहे, पाइप फुटलेला आहे, खालच्या घरात डाग आहे, तिथे रंग लावू नये. तो डाग झाकेल आणि दुखणं वाढवेल.

आमच्याकडेही एक चूक राहिली. महिन्याभराने नळाच्या बुडाशी रुपयाएवढा फोड आला. मी घाबरले, पेंटरला फोन केला. त्याने येऊन फोड कापला, आत बोट लावलं, आणि रंगाकडे न बघता नळ खोलला. आतला वॉशर झिजला होता; भिंतीच्या आत थेंब थेंब पाणी मुरत होतं. तेव्हा आठवलं, आम्ही भिंत ठोकून पाहिली, वाळवून पाहिली, पण नळाला कोणी हात लावला नव्हता. दहा रुपयांचा वॉशर बदलला, चार दिवस वाळू दिलं, तेवढ्याच जागी प्राइमर आणि दोन हात.

त्यासाठी उरलेले डबे काढावे लागले. ते आईने आधीच माळ्यावर ठेवले होते, प्रत्येकाला पांढरी चिकटपट्टी लावून, तिच्या शाळेतल्या वळणदार अक्षरात. एकावर लिहिलं होतं, ‘बाथरूम श्रीखंडी, अ’. दुसऱ्यावर, ‘बाथरूम श्रीखंडी, ब. वापरतानाच एकत्र करणे.’ त्यांच्या शेजारी वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती फुलांची टाइल होती. ती मी माझ्या कपाटात ठेवली होती. वर कधी नेऊन ठेवली, ते आईने मला सांगितलं नाही.